सोयराबाईंचा अभंग: आवाज नक्की कोणाचा?
(एक चर्चा. प्रत्येक मजकुरावरचं नाव हे बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उतरंड
संतसाहित्याच्या वर्गात सोयराबाईंची ओळख ‘चोखोबांची पत्नी’ अशी करून देतात आणि पुढच्या संताकडे वळतात. छापील गाथांत त्यांचे साधारण 62 अभंग आहेत, नणंद निर्मळेचे 24. माझं म्हणणं असं, की धर्माच्या अभ्यासात या बायकांना नुसत्या भक्त न मानता युक्तिवाद करणाऱ्या म्हणून वाचायला हवं.

‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’ ही सुरुवात ओळखीची आहे. पण पुढे त्या म्हणतात, ‘विटाळावांचोनी उत्पत्तीचे स्थान । कोण देह निर्माण नाही जगीं’. इथे बोलणं आत्म्यावरून थेट गर्भाशयावर येतं. ज्या रक्तापायी बाईला बाजूला बसवतात, त्याच्यावाचून सोवळं नेसणाराही जन्माला येत नाही. जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ, दोन्ही एका शब्दात धरून उलटवले आहेत. ही स्त्रीवादी मांडणी आहे, आणि ती आपण बाहेरून चिकटवलेली नाही.

जुनी बाडं
वाचन सुंदर आहे, पण पायाच कच्चा आहे. सोयराबाईंच्या काळातला एकही कागद हाती नाही. हे अभंग टिकले ते कीर्तनकारांच्या बाडांत. कीर्तनाला लागतील ते अभंग उतरवून ठेवायची ही वही. नामदेव, जनाबाई, चोखोबा तिथे एकमेकांना लागून येतात. कर्ता कळतो तो फक्त शेवटच्या कडव्यातल्या नाममुद्रेवरून, म्हणजे कवीच्या नावाच्या सहीवरून. आणि ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’, ‘चोखा म्हणे’ ही तिन्ही चार अक्षरी! एक काढून दुसरी घातली तरी छंद हूं की चूं करत नाही. नकलून घेताना एकाचा अभंग दुसऱ्याच्या नावावर जातो तो असा. त्यावर ‘बाईचा आवाज’ कसा उभा करणार?

शिवाय चोखोबांचा अभंग बघा: ‘जन्मता विटाळ मरता विटाळ’. जन्माचा मुद्दा त्यांच्याकडेही आहेच. मग त्यात बाईपण कुठलं?

उतरंड
चार अक्षरांची अदलाबदल मान्य. जनाबाईंच्या कितीतरी अभंगांबाबत ही शंका घ्यायलाच हवी. पण हाच अभंग शेवटपर्यंत वाचा: ‘देहाचा विटाळ देहीच निर्धारी । म्हणतसे महारी चोखियाची’. मोठा अभंग म्हणजे चार चरणांच्या कडव्यांचा छंद; त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. इथे ते ‘निर्धारी’ आणि ‘महारी’ यांचं आहे. म्हणजे मुद्रा शेपटाला लटकलेली नाही, यमकात विणलेली आहे. ती काढून ‘चोखा म्हणे’ घालायचं तर दोन चरण नव्याने रचावे लागतील.

चोखोबांच्या ओळीत विटाळ जन्माच्या वेळी येतो. वेद, शास्त्रं, ब्रह्मा, विष्णू, सगळीकडे तो आहेच असं ते दाखवतात. सोयराबाई ‘उत्पत्तीचे स्थान’ म्हणतात. प्रसंग आणि जागा यांतला फरक मला फार मोठा वाटतो.

जुनी बाडं
यमकाचा मुद्दा वजनदार आहे, मी तो घेतो. पण त्याने मुद्रा मूळची ठरते, रचणारी बाई ठरत नाही. एकनाथांनी महाराच्या तोंडी ‘जोहार मायबाप जोहार’ घातलंच ना? पुरुष संतांनी गौळणी, विराण्या बाईच्या तोंडी रचल्या. दुसऱ्याचा आवाज घेणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

गावकुसाबाहेर
रीत आहे, पण ती पूर्ण सांगा. नाथांच्या त्या जोहारात शेवटी सही कोणाची? ‘एका जनार्दनी’! तुकोबांच्या विराण्यांखाली ‘तुका म्हणे’. आवाज उसना घेतला तरी मुद्रा स्वतःचीच ठेवायची, हीच तर रीत. म्हणून तुमचं उदाहरण ‘चोखियाची महारी’ या मुद्रेच्या बाजूनेच जातं.

उतरंड, तुमच्याशीही माझं भांडण आहे. तुम्ही ‘दोन्ही विटाळ’ एका दमात म्हणून मोकळे झालात. पाळीचा विटाळ चार दिवसांनी फिटतो. जातीचा फिटत नाही. सवर्ण घरातली बाई पाचव्या दिवशी न्हाऊन स्वयंपाकघरात जाते. सोयराबाईंना देवळाच्या पायरीपुढे कुठल्याच दिवशी जाता येत नव्हतं. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये दलित स्त्रियांच्या भूमिदृष्टीची, म्हणजे त्यांच्या जागेवरून दिसणाऱ्या जगाची, मांडणी केली ती याच कारणासाठी. दलित बाईला ‘स्त्री’च्या यादीत आणखी एक नाव म्हणून जोडून भागत नाही, सगळी यादीच तिच्या जागेवरून पुन्हा मांडावी लागते. जनाबाई, बहिणाबाई, सोयराबाई एका माळेत ओवल्या की ‘महारी’ हा शब्द सगळ्यात आधी विझतो.

वाळवंट
मला दोन्ही बाजूंची घाई खटकते. बहिणाबाई शिऊरकरांचं घ्या. ‘वेद हाका देती पुराणे गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे’ हा अभंग सगळे उचलतात, कारण त्यात बंड दिसतं. त्याच बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावरही अभंग रचले, आणि तेही तितक्याच मनापासून. अभ्यासक ते वगळतात किंवा ‘नवऱ्याच्या धाकाने लिहिलं’ म्हणतात. मग आवाज ऐकला कोणाचा, त्यांचा की आपला? सोयराबाईंचे 62 अभंग असतील तर विटाळाचे मोजा आणि नुसत्या नामाचे मोजा. विठ्ठलाला बाजूला सारून जो उरेल तो सोयराबाईंचा धर्म नव्हे.

उतरंड
गावकुसाबाहेर, ‘फिटतो’ आणि ‘फिटत नाही’ हा फरक माझ्या हातून सुटला. तो मान्य. वाळवंट, मोजायला माझी हरकत नाही. पण नामाच्या अभंगांतही ‘महारी’ ही सही आहेच, तिचं काय करायचं तेही सांगा.

जुनी बाडं
मग निदान काम नीट करू. प्रत्येक अभंगाला एक नोंद: कुठल्या बाडात, कितव्या पानावर, आगेमागे कोणाचे अभंग, मुद्रा यमकात आहे की सुटी, दुसऱ्या कुठल्या मुद्रेने तोच अभंग मिळतो का. ‘महारी’ शब्द कोणी बदलला असेल तर दोन्ही पाठ शेजारी छापायचे. विषयवार गाथा वापरायच्या नाहीत. त्यांत संपादकाने लावलेला क्रम कवीचा वाटायला लागतो. सुट्या मुद्रेच्या अभंगावर कोणी ‘बाईचा आवाज’ म्हणून प्रबंध लिहिला, तर मी विरोध करणारच.

जात्याजवळ
नोंदीत आणखी एक रकाना हवा: तोंडी पाठ. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणारीचं नाव आणि गाव यांसह. त्यांतली जनाबाई बाडात सापडणारी नाही. असं काही नव्याने ध्वनिमुद्रित करणार असाल तर बाईंना खुर्चीवर बसवून ‘सांगा’ म्हणू नका. सांगताना ओवी आखडते, पालुपद गळतं आणि दुसरीने मध्येच उचललेली ओळ हरवते. जातं असेल तर दोघींना खुंट्याला हात लावून बसवा, मूठभर वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालू द्या आणि पहिल्या दोन-चार ओव्या होईपर्यंत काही विचारू नका.