पूर्णविरामानंतर स्पेस एक की दोन?

मुद्रितशोधक: छपाईला येणाऱ्या मराठी फायलींत अजूनही वाक्यानंतर दोन-दोन स्पेस. टाइपरायटर गेले, सवय राहिली. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या लेखनशैलीने 2009 मध्ये कच्च्या खर्ड्यासाठी दोन सुचवल्या होत्या, तिनेही 2019 मध्ये एकच सांगितली. आपण का अडून बसलोय?

बोरू: सवय टाइपरायटरच्या आधीची आहे. 19व्या शतकातल्या इंग्रजी खिळेजुळणीतही वाक्यानंतर रुंद जागा सोडत. शिवाय इंग्रजीत पुढचं वाक्य कॅपिटलने सुरू होतं, देवनागरीत तीही खूण नाही. 10 पॉइंटातला बारीक ठिपका झेरॉक्समध्ये उडतो. वर 'डॉ.', 'रु.' यांचे बिंदू वेगळेच. हिंदीकडे दंड (।) तरी आहे.

डीटीपीवाला: जागा द्या हो, पण स्पेसबार दोनदा दाबून नको. मजकूर जस्टिफाय केला, म्हणजे दोन्ही कडा सरळ केल्या, की ओळीत उरलेली जागा प्रत्येक स्पेसला वाटली जाते. दोन स्पेसना दुप्पट वाटा. वर्तमानपत्री अरुंद कॉलमात 'विद्यार्थ्यांसाठीच्या' असला शब्द तुटत नाही, ओळीत तीनच शब्द उरतात आणि पूर्णविरामापुढे खिंडार पडतं. वेबवर उलटंच, एचटीएमएल सलग स्पेसची एक करून टाकतं. मग लोक न तुटणारी स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी) घुसवतात. ती साध्या स्पेसच्या पुढे असली आणि ओळ तिथेच तुटली, की पुढची ओळ विनाकारण आत सरकते.

बोरू: मग हे काम सॉफ्टवेअरने करावं. टेक (TeX) हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर करतंच की.

लाटेकप्रेमी: करतं, पण इंग्रजीच्या हिशेबाने. कॅपिटल अक्षरानंतरचा बिंदू ते आद्याक्षराचा मानतं आणि जादा जागा देत नाही. देवनागरीत कॅपिटलच नाही, म्हणून 'डॉ. भी. रा. आंबेडकर' यातला प्रत्येक बिंदू त्याला वाक्याचा शेवट वाटतो. एक तर वाक्यानंतरची जादा जागा बंद करणारी \frenchspacing ही आज्ञा द्या, नाहीतर प्रत्येक संक्षेपानंतर ~ (टेकमधली न तुटणारी स्पेस) टाका.

बोरू: 2018 च्या अमेरिकन प्रयोगात दोन स्पेसने वाचनाचा वेग वाढल्याचं दिसलं होतं, ते?

मुद्रितशोधक: किंचित वाढला, तोही मुख्यतः स्वतः दोन स्पेस देणाऱ्यांचा. मजकूर इंग्रजी, टंक कुरिअर न्यू, प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा, म्हणजे पुन्हा टाइपरायटरच. आकलनात फरक नव्हता.

डीटीपीवाला: फाइल साफ करायची तर फाइंडमध्ये दोन स्पेस, रिप्लेसमध्ये एक. बदल शून्य येईपर्यंत चालवा, कारण तीन स्पेसच्या पहिल्या फेरीत दोनच होतात. त्याआधी स्पेस मारून जुळवलेले तक्ते टॅबवर आणा, नाहीतर रकाने कोसळतील. मग 'आहे ?' मधली चिन्हाआधीची स्पेस काढा, ते प्रश्नचिन्ह एकटंच पुढच्या ओळीत जातं. वर्डमध्ये 'डॉ.'नंतर न तुटणाऱ्या स्पेससाठी कंट्रोल-शिफ्ट-स्पेस.

लाटेकप्रेमी: आणि एकही स्पेस न देणाऱ्यांचं काय? 'झाले.भारत' असं चिकटवून लिहिलं तर एखादं ॲप त्याची लिंक करून टाकेल. '.भारत' हे खरंच डोमेन आहे.