बाबांचं इन्सुलिन सुरू झालंय, गावी काय काय सामान नेऊ?

गुहागरचा_पोर: बाबांना गोळ्यांसोबत आता रात्रीचं इन्सुलिन पेन सुरू केलंय. आईबाबा दोघंच गावी, मी मुंबईत, गणपतीला जाताना सगळं एकदम घेऊन जाईन म्हणतो. साखर मोजायला ग्लुकोमीटर लागेलच, पण ते दंडावर चिकटवायचं सेन्सर घेऊ का? आणि लाईट गेली की फ्रिज बंद, मग इन्सुलिनचं काय? पाण्यात भिजवायचे कूलिंग पाऊच बघितले ऑनलाईन, कोणी वापरलेत का? बाबांना बारीक अक्षर दिसत नाही हेही आहेच.

दाभोळखाडी: पाऊचचे पैसे वाचव. ते पाणी उडून थंड होतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात चड्डी चार दिवस वाळत नाही तिथे त्या पाऊचमधलं पाणी कुठे उडणार? मे महिन्यात घाटावर जायचं असेल तर ठीक. तसंही चालू पेन फ्रिजमध्ये लागतच नाही, 30 डिग्रीच्या आत घरात साधारण चार आठवडे चालतं (नक्की किती ते पेनच्या कागदावर बघ), उलट गार इन्सुलिन टोचताना जास्त दुखतं. फ्रिज फक्त न उघडलेल्या पेनांना, 2 ते 8 डिग्री, आणि फ्रीजरला चिकटून अजिबात नको, एकदा गोठलं की फेकायचं. लाईट गेली तर फ्रिज सारखा उघडू नका म्हणावं आईला, फार लांबलं तर थर्मासमध्ये, पण बर्फाला थेट टेकवून नाही.

औषधवाली_रत्नागिरी: दुकानात रोज बघते म्हणून सांगते. कधी पेन संपलं आणि गावात बाटली मिळाली तर सिरिंज बघून घ्या. आपल्याकडे बाटली बहुतेक 40 ची (म्हणजे एका मिलीत 40 युनिट) असते, तिला लाल टोपीची सिरिंज. 100 ची केशरी टोपीची. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने मोजलं तर डोस अडीचपट जातो, माणूस आडवा होईल! पेनच्या सुया 4 मिमीच्या घ्या, टोचून झालं की सुई पेनला लावून ठेवायची नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, कचऱ्याच्या पिशवीत नको, सफाईवाल्याच्या हाताला लागतात. मीटर मोठ्या आकड्यांचा घ्या, आणि घ्यायच्या आधी त्याच्या रक्त टाकायच्या पट्ट्या तुमच्या तालुक्याला मिळतात का ते विचारा. मीटर स्वस्त असतो हो, खरा खर्च पट्ट्यांचा.

माडाखाली: पट्ट्यांची डबी!! पट्टी काढली की लगेच झाकण, दमट हवेत पट्टी खराब झाली की आकडा काहीही दाखवते. आणि हात साबणाने धुऊन, पुसून, मगच टोचायचं. आमच्या काकांनी हापूस कापून तसंच बोट टोचलं, मीटर 300 च्या वर, घरात रडारड. हात धुऊन बघितलं तर 160.

गुहागरचा_पोर: 😂 बाबा तर मे महिनाभर आंब्यातच असतात. आणि सेन्सर?

औषधवाली_रत्नागिरी: एक सेन्सर साधारण 14 दिवस चालतो, मग नवीन, दर वेळी खर्च. घामाने सुटतो पण. कायम लावायची गरज आहे का ते डॉक्टरांनाच विचारा, बरेचदा डोस बसवताना एकदाच लावून बघतात. त्यापेक्षा उशाशी साखरेची डबी ठेवा. रात्री घाम, थरथर वाटली आणि मीटरवर 70 च्या खाली आलं तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी परत मोजायचं. आईला हे नीट दाखवून या.

दाभोळखाडी: आणि बाबांना परड्यात अनवाणी फिरू देऊ नको, मागून बंद असलेली मऊ चप्पल घे.