कुत्र्याच्या लिव्हरला भुईआवळा: द्यावा की नाही?

सोमेश्वरची_ताई
आमचा खंड्या गावठी, वय अकरा. गेल्या महिन्यात खाणं सुटलं. रक्त तपासलं तर एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला आकडा) जितकं जास्तीत जास्त असावं त्याच्या तिप्पट. सोनोग्राफीत लिव्हर जरा मोठं, बाकी काही सापडलं नाही. डॉक्टरांनी सिलिमरिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सहा आठवड्यांनी परत रक्त तपासू म्हणाले.

सासूबाईंनी परसातला भुईआवळा वाटून ठेवला होता. तो द्यायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. घरी आल्यावर शोधलं, तर सिलिमरिन म्हणजे मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांचा अर्क! म्हणजे झाडपालाच की. बाहेरच्या झाडाची गोळी झाली की औषध, आणि आपला भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा हे मात्र आजीबाईचा बटवा? हा दुजाभाव मला पटत नाही. तुमचं काय मत?

सिडको_जुना
ताई, राग मानू नका, पण मी हाच शहाणपणा करून बसलोय. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या शेरूचे डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडल्या. कावीळ, म्हणजे लिव्हरच, असं ठरवून चार दिवस काढा पाजला. पाचव्या दिवशी लघवी चहासारखी झाली आणि तो उठेना. निघाला गोचीडताप, बॅबेसिया. हा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, त्यातून पिवळेपणा येतो. लिव्हर बिचारं बाजूलाच होतं. रक्त चढवलं, शेरू वाचला. पण ते चार दिवस मी फुकट घालवले आणि ते अजून टोचतात. माझा झाडपाल्यावर राग नाही, निदानाआधी दिलेल्या झाडपाल्यावर आहे.

सोमेश्वरची_ताई
दादा, पण खंड्याची तपासणी झालीय ना. मी आंधळेपणाने देत नाहीये.

सिडको_जुना
तपासणीत एक आकडा वाढलेला दिसला. का वाढला ते कुठे कळलंय? एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्याची वर्दी. कोणी दुखावल्या ते ती सांगत नाही.

काष्टौषधी
मी वैद्य आहे, माणसांचा. त्यामुळे थोडं दोन्हीकडून बोलतो. ताईंचा मुद्दा पोकळ नाही. विषारी अळंबी खाऊ घातलेल्या बीगल कुत्र्यांवर १९८४ साली प्रयोग झाला. ज्यांना मिल्क थिसलमधलं सिलिबिनिन दिलं ती सगळी जगली, न दिलेल्यांपैकी काही मेली. आपल्याकडे लिव्ह ५२ हे लिव्हरसाठीचं झाडपाल्याचं औषध तर १९५५ पासून आहे. वनस्पतीला हसण्याचं कारण नाही.

पण तो अर्क शुद्ध केलेला होता, मोजून शिरेतून दिलेला. पाट्यावर वाटलेल्या भुईआवळ्यात काय किती आहे ते मलाही सांगता येणार नाही. शिवाय भुईआवळ्यासारखी दिसणारी रानझाडं दोन-तीन तरी आहेत, परसातून उपटताना सरमिसळ होते. गुळवेलीचं आठवा. करोनाच्या काळात ती पिणाऱ्या काहींच्या लिव्हरलाच इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, तशीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल. कोणाचंही खरं धरा, माझ्या मते घरच्या घरी ओळखून देणं धोक्याचंच.

लॅबवाली_इंदिरानगर
यात तांबं राहिलं. लॅब्रॅडॉर, डॉबरमन अशा जातींत काही कुत्र्यांच्या लिव्हरमध्ये तांबं साठत जातं आणि सूज येते. आमच्या घरी आजोबा हौसेने कुत्रीलाही तांब्याच्या लोट्यातलं पाणी देत. डॉक्टरांनी ते आधी बंद करवलं. कोणी ताम्रभस्म सुचवलं तर लांबूनच नमस्कार करा.

पिंपळगावचा_बागायतदार
तुम्ही काय द्यायचं यावर भांडताय. आधी काय द्यायचं नाही ते बघा. आमच्याकडे हंगामात खळ्यावर द्राक्षाचे मणी सांडलेले असतात, पाहुणे कौतुकाने कुत्र्याला घड टाकतात. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या किडनीला घातक. बुरशी लागलेल्या मक्याची, बाजरीची भाकरी जनावराला टाकतात, ती थेट लिव्हरवर जाते. ताप आला की घरातली पॅरासिटामॉल देतात, तीही तशीच. एवढं बंद केलं तरी निम्मे काढे लागायचे नाहीत.

आणि नाशकात गोदावरीला पूर आला, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, की घाटावर कुत्री फिरवू नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग पसरतो. लिव्हर, किडनी दोन्ही जातात आणि माणसालाही होतो. त्याची लस आहे, दरवर्षी घ्या.

सोमेश्वरची_ताई
काल डॉक्टरांना सरळ विचारलं, झाडाची गोळी चालते तर झाड का नाही? म्हणाले, गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते मला माहीत आहे, तुमच्या वाटीत किती ते नाही. आणि दोन्ही एकदम चालू केलं तर आकडा उतरला किंवा चढला, तो कशाने हे मी कसं ओळखू?

हे मात्र पटलं. सहा आठवडे फक्त गोळी. तरी दुजाभावाचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. कुत्र्यांवर भुईआवळ्याचे नीट प्रयोग कोणी केले असते, तर आज वाटीचं मापही सांगता आलं असतं.

सिडको_जुना
त्यात मी तुमच्या बाजूला. प्रयोग व्हावेत, फक्त तुमच्या खंड्यावर नकोत.

सोमेश्वरची_ताई
खंड्याने आपलं मत आधीच दिलंय. पहिल्या दिवशी एक चाटण घेतलं आणि तुळशीवृंदावनामागे जाऊन ओकून आला. सासूबाई अजून रुसलेल्या आहेत.