स्टेशनजवळ उंच इमारती हव्यात का? खान्देशातले तुमचे अनुभव लिहा

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबार. कुठेही स्टेशनजवळच्या घरांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, अपडाऊन करणाऱ्यांना चालत गाडी गाठता आली पाहिजे, मजले वाढवू द्या. दुसरा म्हणतो, आहे त्यांनाच पाणी पुरत नाही, गल्ल्या अरुंद, त्यात अजून माणसं कुठे कोंबता?

मोठ्या शहरांत यावर धोरणं झाली आहेत. केंद्राचं ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंटचं, म्हणजे स्थानकांभोवती दाट वस्ती करण्याचं, धोरण २०१७ चं. पुण्यात मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरच्या घेऱ्यात चार एफएसआयपर्यंत, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या चौपट, बांधता येतं. आपल्याकडे लोकल नाही, मेट्रो नाही, पण पासवाल्यांनी भरलेल्या मेमू आहेत. शिवाय केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर मार्ग मंजूर केला. ३०९ किलोमीटर, ३० नवी स्थानकं. त्यांच्याभोवती काय उभं राहणार हे ठरायच्या आत आपण बोललं पाहिजे.

माझं मत आधीच सांगते. मला स्टेशनजवळ दाट वस्ती हवी आहे. पण त्यात भाड्याच्या लहान खोल्या हव्यात, आणि पाण्या-गटाराची सोय इमारतीच्या आधी हवी. तुमचं मत उलट असेल तर जरूर लिहा. ऐकीव नको, स्वतःचं सांगा. बिल्डरचं, अधिकाऱ्याचं नाव घालू नका.

पाचोरा, शिक्षिका

मी पाचोरा-जळगाव अपडाऊन करते. घर स्टेशनपासून लांब, नव्या प्लॉटिंगमध्ये. कर्ज काढून तिथे घेतलं, कारण स्टेशनजवळ भाड्याने जे मिळत होतं ते एकट्या बाईला द्यायला मालक तयार नव्हते.

सकाळी स्कूटी स्टँडवर लावायची. स्टँड म्हणजे वर पत्रे, खाली धूळ, आणि एकीच्या हँडलमध्ये दुसरीचं हँडल अडकलेलं. संध्याकाळी माझी गाडी बाहेर काढायला स्टँडवरच्या पोराला आधी चार गाड्या ओढाव्या लागतात. गाडी लेट असली की तो पोरगाही गेलेला असतो. प्लॉटिंगच्या रस्त्यावर खांब रोवलेत, दिवे लागलेले नाहीत. कुत्री मागे लागतात, म्हणून मुलगा वळणापर्यंत येऊन उभा राहतो. त्याची दहावी आहे. अभ्यास सोडून तो माझी वाट बघत उभा असतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मला बंगल्याची हौस नाही. दोन खोल्या, चालू लिफ्ट, खाली किराणा, आणि फलाटावरची अनाउन्समेंट ऐकून घरातून निघता येईल एवढं जवळ. एवढं मिळालं तर मी उद्या प्लॉट विकेन.

जळगाव, निवृत्त कर्मचारी

वरच्या बाईंचं दुःख खरं आहे. आता माझं ऐका. स्टेशनपासून पायी पोचता येईल असं आमचं बैठं घर आहे, वडिलांनी बांधलेलं. शेजारचा वाडा पाडून तिथे इमारत झाली. आमच्या गच्चीवर पत्नी आणि गल्लीतल्या बाया दर उन्हाळ्यात बिबडे, कुरडया घालायच्या. ज्वारीच्या बिबड्याला सकाळचं कोवळं ऊन लागतं. ते ऊन आता आमच्याकडे येतच नाही. वरून गॅलऱ्यांतलं पाणी टपकतं ते वेगळं.

खरा त्रास नळाचा. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी इमारतीतल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि आमच्या नळातून नुसती हवा येते. तोटीला कान लावला तर सूं असा आवाज ऐकू येतो. बोअर होती, ती इमारतीच्या बोअरनंतर आटली. गटार जुनंच, चार घरांसाठी घातलेलं. पहिल्या पावसात ते आमच्या ओट्यावर आलं.

नवीन कुटुंबं आली याचा मला राग नाही. त्यांतली दोन मुलं माझ्याकडे गणिताला येतात, गुणी आहेत. पण मजले वाढवायला परवानगी देताना जलवाहिनी किती इंची आहे हे कुणीच विचारत नाही. ते विचारलं जाईपर्यंत माझा विरोध राहील.

धुळे, सिव्हिल इंजिनिअर

काकांचा मुद्दा नियमांच्या अंगाने मांडतो. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्यात दाट गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१. त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क) घेऊन किती चढवता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत जवळजवळ काहीच वाढवून मिळत नाही. स्टेशनजवळच्या जुन्या वस्त्या नेमक्या अशाच गल्ल्यांच्या. म्हणजे जिथे माणूस चालत गाडी पकडू शकतो तिथे इमारत चढत नाही, आणि बायपासला, शेतात पाडलेल्या प्लॉटवर रुंद रस्त्यामुळे चढते. रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेची ना-हरकतही लागते.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खोदावंच लागतं. बैठ्या घराचाही पाया महागच पडतो. तोच खर्च सोळा घरांत वाटला गेला तर लहान माणसाला फ्लॅट परवडतो. हे गणित मी रोज मांडतो, म्हणून मी मजले वाढवण्याच्या बाजूने आहे. दोन-तीन लहान प्लॉट एकत्र करणाऱ्यांना सवलत द्या, बदल्यात रस्त्यासाठी पट्टा सोडायला लावा. स्टेशनला लागून असेल तर पार्किंगची सक्ती कमी करा. तळमजला मोटारींना द्यायचा तर दुकानं आणि म्हाताऱ्यांची घरं कुठे?

अमळनेर

माले म्हातारपनमा टेसनजोडेच ऱ्हावानं शे, भाऊ. पोरगा सुरतले, आंडेर (मुलगी) नाशिकले. गाडीमाइन उतरीसन पायेपाये घर यावाले पाहिजे. पन लिफ्ट बंद पडनी तं चौथा मजलावर मी कसा चढू? खालना मजला म्हातारासले ठेवा.

डोंबिवली, माहेर एरंडोल

लग्नानंतर मी ज्या वस्तीत आले तिथे स्टेशनच्या आसपास मोकळी म्हणावी अशी जागा उरलेली नाही. फेरीवाले, रिक्षा, माणसं. पदपथ नावाला आहे. पावसाळ्यात ऑफिसची चप्पल पिशवीत आणि पायात रबरी.

तरीही मी स्टेशनजवळच राहणार. इथे मला कुणाच्या गाडीवर मागे बसावं लागत नाही. रात्री अकराला उतरले तरी रस्त्यावर वडापाववाला, मेडिकल, बायका, सगळं जागं असतं. एरंडोलला रेल्वे गावात नाहीच. आईला कुठे जायचं तर भाऊ मोकळा असेल तेव्हा. आमच्या दोघींच्या वयात पंचवीस वर्षांचं अंतर असेल, पण मोकळेपणातलं अंतर त्याहून मोठं आहे. खान्देशातल्या गावांनी आमच्याकडून दाटी घ्यावी, फक्त पदपथ आधी बांधून घ्यावेत. नंतर ते होत नाहीत, हे मी रोज बघते.

उधना (सुरत), मूळ नंदुरबार तालुका

लूमवर काम करतो. उधन्यात आमच्या भागात अर्धी गल्ली खान्देशी. खोलीत आम्ही सहा जण, पाळीपाळीने झोपतो. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच गोधडीवर. स्टेशन जवळ आहे म्हणूनच ही खोली धरली. सणाला पॅसेंजरने घरी जाता येतं, रिक्षाचे पैसे वाचतात.

उधना-जळगाव दुहेरी मार्ग २०१८ ला पूर्ण झाला, तेव्हा वाटलं होतं की गाड्या वाढतील आणि गावी राहून काम करता येईल. तुम्ही सगळे फ्लॅट घ्यायचं बोलता. आम्हाला विकत काही घेता येणार नाही. इमारती बांधाल तेव्हा त्यात भाड्याच्या खोल्या ठेवणार का, एवढं कुणीतरी सांगा.

(धागाकर्ती: हेच माझं पहिलं मागणं आहे. विक्रीच्या फ्लॅटवरच चर्चा अडकते आणि तुमच्यासारखे लोक हिशेबातून गळतात.)

भुसावळ, रेल्वे कुटुंब

चालत जाण्याच्या अंतरावर कुणी ऊन धरलं आहे का? मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पुण्यातले ५०० मीटर आणि भुसावळातले दुपारी दोनचे ५०० मीटर एक नव्हेत. मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. फाटकापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना निंब होते, म्हणून वडील ड्युटीवरून चालत यायचे. सावली असेल तर माणूस चालतो.

वरच्या मजल्याचा तापही सांगते. आता मी शेवटच्या मजल्यावर राहते. स्लॅब मध्यरात्रीनंतरही तापलेला असतो. कूलर लावावा तर पाणी कुठून आणायचं? धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरात आजी दुपारी गार जमिनीवर निजायची, तसं घर पुन्हा मिळायचं नाही हे मला कळतं. पण गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेला खिडकीऐवजी आडोसा, एवढं तरी नियमात येऊ द्या.

आणि जागा हवी तर आधी जुन्या बैठ्या क्वार्टर्सची घ्या. किती तरी ओसाड पडलीत, दारं-चौकटी निघालेल्या. झाडं राखून तिथे चार मजले बांधले तर कुणाचा वाडा पाडावा लागणार नाही.

चाळीसगाव

वाडे पाडण्यावरून आठवलं. आमच्या स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे. छायाचित्रकार, चित्रकार, आयुष्यातली कितीतरी वर्षं त्या घराबाहेर न पडता काम करणारा माणूस. आज तिथे संग्रहालय आहे. स्टेशनभोवती सरसकट मजले चढवाल तेव्हा अशी घरं आधी यादीत घाला.

जळगाव, सध्या मुलीकडे अमेरिकेत

मुलगी कॅलिफोर्नियात बार्टच्या, म्हणजे तिथल्या शहरी रेल्वेच्या, स्टेशनजवळ राहते. इथे हाच वाद बरीच वर्षं चालला. शेवटी १० ऑक्टोबर २०२५ ला गव्हर्नरांनी कायद्यावर सही केली. मोठ्या शहरी काउंट्यांत, मुख्य स्थानकांपासून अर्ध्या मैलाच्या आत दाट घरं बांधता येणार, अगदी लागून असेल तिथे नऊ मजल्यांपर्यंत. जिथे आजवर एका प्लॉटवर एकच घर चालायचं तिथेही. विरोध करणारे सावली आणि पार्किंगचंच बोलतात. पण इथे नळ दिवसरात्र चालू असतो. जळगावात वरच्या काकांच्या तोटीतून हवा येते तोवर हा कायदा तसाच उचलून चालणार नाही.

नरडाण्याजवळचा शेतकरी

मनमाड-इंदूरचा बोरविहीर-नरडाणा टप्पा आमच्या भागातून जातो. दलाल कधीचे फिरू लागलेत. कापसाच्या वावरात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडतात. घेणारे मुंबई-सुरतचे, गुंतवणूक म्हणून घेतात, घर कुणी बांधत नाही. बाभळी उगवतात. उद्या स्टेशन झालं तर स्टेशन आणि गाव यांच्यामध्ये ही काटेरी पडीक जमीन असेल आणि पोरांना कॉलेजच्या गाडीसाठी तीच तुडवत जावं लागेल.

जमीन द्यायला माझी ना नाही. पण स्टेशनसमोर रुंद रस्ता, त्याला लागून बाजार, आणि भाड्याच्या इमारतींची जागा आत्ताच नकाशात आली पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत हे लेखी देणार आहे. कुणाकडे अर्जाचा नमुना असेल तर टाका.

धुळे, सिव्हिल इंजिनिअर

दादा, उद्या टाकतो. तुमचा गट नंबर इथे लिहू नका. अर्जात ठरावाची मागणी करा आणि पाण्याचा उद्भव कोणता हे पहिल्याच परिच्छेदात विचारा. जळगावच्या काकांची तोटी आठवून मी तेच सर्वांत वर ठेवतो आहे.