आय२० ला एन लाइनचा मागचा बंपर आणि दोन टोकांचा सायलेन्सर: काय काय लागेल?

राजवाडा_राउंड
मंडळी, गाडी ह्युंदाई आय२०, २०२१ ची, १.२ पेट्रोल मॅन्युअल, टायर १८५/६५ आर १५. एन लाइनचा (आय२०ची स्पोर्टी आवृत्ती) मागचा बंपर डिफ्यूझरसकट (बंपरच्या खालचा भाग), साइड स्कर्ट (दारांखालची पट्टी) आणि दोन टोकांचा सायलेन्सर लावायचा विचार आहे. काम इंदुरातच करायचंय. वेल्डिंग न करता जमेल का? आरटीओचं काय?

पान्हा_दहाचा
आधी बंपरचं बोलू. डीलरच्या पार्ट काउंटरवर ‘एन लाइनचा बंपर द्या’ म्हणालात तर नुसतं कवच हातात येईल, तेही बिनरंगी. डिफ्यूझर, बाजूचे ब्रॅकेट, रिफ्लेक्टर, सेन्सरचे होल्डर, टो-हुकचं झाकण या सगळ्यांचे नंबर वेगळे असतात. एन लाइनचा पार्ट डायग्राम उघडायला लावा आणि एकेक नंबर लिहून घ्या. क्लिप दहा-बारा जास्तीच्या घ्या, जुन्या काढताना मोडतातच. एन लाइन २०२१ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचा चेहरामोहरा बदलला. तुमच्या गाडीला पहिल्या वर्षांचेच भाग मागवा.

रंगाआधी बंपर कोरडाच गाडीवर लावून फटी बघा. रंग झाल्यावर घासाघाशी नको. प्लास्टिकवर अ‍ॅडहेजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारं अस्तर) न मारता थेट बेसकोट (रंगाचा थर) दिला की पहिल्याच प्रेशर वॉशला पापुद्रे निघतात. सेन्सरच्या तोंडावर रंगाचा थर पातळच ठेवा, जाड झाला की मागे काही नसताना बीप वाजत राहतं. भोक अंदाजाने पाडून सेन्सर जरा खाली झुकला, तर त्याला रस्ताच अडथळा वाटतो.

स्कर्टसाठी दारांखालच्या पत्र्यावर (सिल) ड्रिल चालवू देऊ नका. पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक दोन पावसाळ्यांत गंजतं. क्लिप आणि व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी) पुरते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मगच टेप दाबा. पहिल्या २० मिनिटांत निम्मीच पकड येते, पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुवायची नाही. मे महिन्यात दुपारी तापलेल्या पत्र्यावर टेप लावू नका, सकाळी सावलीत लावा.

धुराडे
सायलेन्सर हा खरा किचकट भाग. एन लाइनचं इंजिन ९९८ सीसी टर्बो, ताकद १२० पीएस. तुमचं ११९७ सीसी, ८३ पीएस. पाइपची जाडी सारखीच असेल असं धरून चालू नका. गाडी रॅम्पवर घ्या, व्हर्नियरने (मोजपट्टी) पाइपचा बाहेरचा व्यास, फ्लँजच्या (पाइप जोडणारी चकती) दोन बोल्टमधलं अंतर आणि रबरी हँगरच्या जागा मोजा. विकत घ्यायच्या सायलेन्सरचीही हीच तीन मापं घ्या. तिन्ही जुळली तर वेल्डिंग लागत नाही. एक जरी चुकलं, तर अडॅप्टर पाइप बनवावा लागेल.

बदलायचा तो फक्त सायलेन्सरचा मागचा डबा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) आणि त्याचे दोन ऑक्सिजन सेन्सर इंजिनालगत आहेत, तिकडे कुणाला हात लावू देऊ नका. वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. गॅस्केट आणि नट नवेच. गंजलेल्या बोल्टवर रात्रीच गंजनाशक तेल मारून ठेवा. जोर लावला की स्टड तुटतो आणि अर्ध्या तासाचं काम दिवसभराचं होतं. हँगरच्या रबराला साबणाचं पाणी लावलं की ते सहज सरकतं.

टोक आणि बंपरच्या प्लास्टिकमध्ये निदान २५ मिमी जागा ठेवा. इंजिन गचका देतं तेव्हा सगळा पाइप हलतो आणि डिफ्यूझरमधल्या पाइपच्या खाचेची कड वितळून काळी पडते. बसवून झाल्यावर गाडी सुरू ठेवून टोक फडक्याने क्षणभर दाबा. जोडाजवळ टिकटिक ऐकू आली की तिथे गळती.

आणखी एक. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पलासिया ते राजवाडा एवढीच धाव असेल तर ते डब्यातच साचतं. म्हणून काही डब्यांना खाली बारीक भोक असतं. काही मेकॅनिक ते ‘लीक’ समजून वेल्ड करतात आणि डबा आतून सडतो. ताकद वाढेल ही आशा सोडा, आवाज थोडा जाड होईल इतकंच. एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता) टॉप गिअरमध्ये २०००–२५०० आरपीएमला केबिन घुमायला लागली, तर तो जाडपणा तासाभरात नकोसा होतो.

आरसी_बघा
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. बंपरची नोंद आरसीवर नसते, रंगाची असते. म्हणून बंपर गाडीच्याच रंगात रंगवा. आवाजाची मर्यादा ओलांडली तर कलम १९०(२) लागतं, दंड १०,००० रुपयांपर्यंत. ‘मोकळा’ (आवाज न दाबणारा) डबा विकणाऱ्याच्या बोलण्यात येऊ नका. विमा कंपनीला बिलं देऊन पॉलिसीत नोंद करून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी स्कर्टचे पैसे मिळणार नाहीत.

राजवाडा_राउंड
धन्यवाद. मग सायलेन्सर राहू दे, बंपर तेवढा लावला तर? आणि एन लाइनची १६ इंची चाकं?

धुराडे
मग डिफ्यूझरची खाच रिकामी दिसेल. मूळ पाइप खाचेपर्यंत पोहोचतो का ते आधी बघा. पोहोचत असेल तर क्लॅम्पवाली ३०४ (स्टेनलेस) स्टीलची टोकं लावा. आतला व्यास मूळ पाइपपेक्षा मोठाच हवा, बारीक नको. चाकं खुशाल घ्या: १९५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६२१ मिमी, तुमच्या टायरचाही जवळपास तेवढाच, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. साइडवॉल मात्र १३ मिमीने कमी होते. पावसाळ्यात खड्ड्यात आपटली तर रिम वाकते, हवा दर पंधरवड्याला बघा.