'लिपिड कायनेज'ला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम: स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'लिपिड कायनेज' या एन्झाइमला मी 'मेद-विकर' लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या बाईंचा प्रश्न: "म्हणजे वजन उतरवलं की हे विकर गप्प बसेल?" आता काय करू?

पेशीवाला: 'मेद' आधी काढा. 'मेद-विकर' वाचून मला तर लायपेज वाटलं, मेद तोडणारं. इथली लिपिडं म्हणजे अंगावरची चरबी नव्हे, पेशीच्या पटलातले रेणू. पीआय३के हे कायनेज त्यातल्या पिप२ नावाच्या लिपिडाच्या इनोसिटॉल या गोल कड्यावर तिसऱ्या जागी फॉस्फेट चिकटवतं. पिप२ चं पिप३ झालं की एकेटी नावाचं प्रथिन तिथे येऊन बसतं आणि पेशीला निरोप जातो: वाढ, मरू नकोस. पीटेन नावाचं दुसरं विकर ते फॉस्फेट परत काढतं. पीटेन गेलं किंवा पीआय३के घडवणारं पीआयके३सीए जनुक बिघडलं, की निरोप चालूच.

कानामात्रा: ग्रीक 'लिपोस' आणि आपलं 'लिंपणे', 'लेप' एकाच घराण्यातले. सरळ 'लेप-विकर' म्हणा!

पेशीवाला: लोक कपाळाला लावतील.

तळटीप: आणि कायनेज? ग्रीक 'किनेइन' म्हणजे हलवणे, 'सिनेमा'तला 'सिने' तोच. पण हे विकर करतं काय, तर एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूवरचं फॉस्फेट उचलून दुसरीकडे ठेवतं. म्हणून 'स्फुरदक'. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश चालतं, मग पेशीत का नको?

कानामात्रा: आमच्या आजोबांना फॉस्फरस कळत नसे, स्फुरद कळे. 'स्फुरदक' मात्र त्यांनाही कळलं नसतं.

तळटीप: वापरलं की रुळतं. 'विकर' तरी कुठे आजीच्या तोंडचा शब्द होता?

कानामात्रा: अजूनही नाही. पाठ्यपुस्तकाबाहेर सगळे 'एन्झाइम'च म्हणतात.

तळटीप: म्हणून मराठी मरते!

अर्धविराम: अहो, वाचणारी रुग्ण आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अल्पेलिसिब, माझ्या पत्रकातलं औषध, त्या पीआयके३सीए जनुकातल्या बिघाडासाठीच आहे. डॉक्टर 'कायनेज इनहिबिटर' म्हणणार आणि माझ्या कागदावर 'स्फुरदक-रोधक'. तिला वाटेल औषधं दोन आहेत.

पेशीवाला: कायनेज तसंच ठेवा. 'इनहिबिटर'ला 'निरोधक' करा हवं तर.

कानामात्रा: 'निरोध'क? माहितीपत्रक वाचताना घरात कोण हसेल ते आत्ताच दिसतंय.

तळटीप: पतंजलीने 'चित्तवृत्तिनिरोध' म्हटलं तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

कानामात्रा: तेव्हा ती जाहिरात नव्हती.