शेवाळाने म्हणे मधुमेहाची जखम भरते!

खवचट_खंडू: कालच्या मधुमेहाच्या धाग्यावर एका महाशयांनी ठोकून दिलंय की समुद्री शेवाळाची पावडर दुधातून घ्या, सूज उतरते आणि पायाची जखम आपोआप भरते. अहो, लॅबमध्ये उंदराच्या पंजाला मुद्दाम सूज आणायला १९६२ पासून जे टोचतात ते कॅराजीनन लाल शेवाळातलंच असतं. आता बोला!

सिस्टर_नीता: अर्धवट बोलू नका. मी वॉर्डात रोज अल्जिनेटची पट्टी वापरते, ती तपकिरी शेवाळातूनच येते. पांढऱ्या कापसासारखी असते, पाणी सुटणाऱ्या जखमेत ठेवली की तिच्यातलं कॅल्शियम आणि जखमेतलं सोडियम अदलाबदल होऊन तिची जेली होते, दुसऱ्या दिवशी सलाईनने धुतली की निघते, पेशंट ओरडत नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ स्टॅनफर्डने शेवाळातून अल्जिन, म्हणजे ह्या अल्जिनेटचं मूळ द्रव्य, काढलं १८८१ च्या सुमारास, हे काही व्हॉट्सॲपवर उगवलेलं नाही.

खवचट_खंडू: पट्टीला कोण नाही म्हणतंय? २०१३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, मधुमेही पायाच्या जखमा इतर ड्रेसिंगपेक्षा अल्जिनेटने लवकर भरतात असा पुरावा सापडला नाही. आणि पट्टी लावायची असते, दुधातून प्यायची नसते.

मालवणचो_बाबलो: तुमच्या पट्ट्या असूदेत. केंद्राने शेवाळाच्या लागवडीसाठी ६४० कोटी जाहीर केले, शेवाळाचं पार्क गेलं तमिळनाडूत रामनाथपुरमला, आमच्या किनाऱ्यावर सरगॅसम, तुमच्या पट्टीवालं तपकिरी शेवाळ, फुकट कुजतंय. कोकणाच्या वाट्याला नुसत्या गजाली!

प्रवाळप्रेमी: बाबल्या, तिकडे लागवडीसाठी आणलेलं कॅपाफायकस नावाचं परदेशी शेवाळ जवळच्या कुरुसडई बेटाच्या प्रवाळावर पसरलंय, २००८ पासून त्यावर लिहून येतंय. मालवणातही प्रवाळ आहे. तेही झाकायचं का?

मालवणचो_बाबलो: पुण्यात बसून प्रवाळाची काळजी! पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी दिवे लावणारे सगळा मासा उपसून नेतात तेव्हा कुठे असता? आमच्या बायकांनी शेवाळ लावलं की लगेच पर्यावरण आठवतं.

प्रवाळप्रेमी: मी देवगडचा आहे, पुण्याचा नाही. आणि सरगॅसम आपोआप उगवतं, त्याला लागवड कशाला?

मालवणचो_बाबलो: बरं बाबा, तूच हुशार. देवगडचे सगळे हुशारच.

शुभांगी_के: भांडण मिटलं असेल तर सांगते. माझ्या सासऱ्यांना कोणीतरी असलीच पावडर दिली, सांधेदुखीलाही चालते म्हणून. ते शुगर तपासायचे थांबले, शेवटी अंगठा काढावा लागला. कोचीची सरकारी संस्था सांध्यांसाठी शेवाळाची कॅप्सूल काढते हे माहितेय, पण आमच्या हातात आलेल्या पाकिटावर ना नाव ना तारीख.

खवचट_खंडू: हेच म्हणत होतो.

सिस्टर_नीता: तुम्ही उंदीर म्हणत होतात. आणि तपकिरी शेवाळातलं फ्यूकोइडन, सुजेच्या जागी पांढऱ्या पेशींना चिकटवणाऱ्या पी-सिलेक्टिन प्रथिनाला अडवून सूज कमी करतं असं त्याच उंदरांवर दिसलंय, तेवढं नेमकं गाळलंत.

खवचट_खंडू: बरं, उंदरांचं भलं होवो. माणसांचं बोला.

सिस्टर_नीता: माणसांचं बोलते. साखर आटोक्यात ठेवा, जखमेवर भार देऊ नका, पट्टी डॉक्टर सांगतील तीच. कोरड्या जखमेवर अल्जिनेट नको, चिकटतं, ओढलंत तर नवी कातडी सोबत येते.

मालवणचो_बाबलो: मग ह्या पट्टीचा कारखाना देवगडला टाका, हुशार माणसं तिथेच आहेत.